सरपंचासाठी स्थळ

हडपसरात गाडीतळापासून आत वळून कुणालाही विचारा, "शकूआत्याचं घर कुठलं हो?" सांगणारा आधी तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळेल आणि मग विचारेल, "मुलगा का मुलगी?" म्हणजे तुमच्या घरात लग्नाचं कोण आहे. दुसऱ्या कुठल्या कामासाठी माणूस शकूआत्याकडं जातो हेच इथं कुणाला पटत नाही. लोणी काळभोरपासून धायरीपर्यंत तिनं किती लग्नं जुळवली याचा पत्ता तिलाही नाही. पैसे घेत नाही, साडी घेते. साडी आवडली नाही तर तसं तोंडावर सांगते आणि बदलूनही आणायला लावते.

सत्तरीकडं झुकलेली बाई, पण आवाज असा की तिला मोबाईलची गरज नाही. तरी दोन बाळगते, एक वरपक्षासाठी आणि एक वधूपक्षासाठी. तिचा नवरा लग्नानंतर चार-पाच वर्षांतच गेला आणि ती माहेरी आली. पुढं भाऊ संभाजीची बायको वारली, तेव्हा त्याची दोन्ही पोरं आत्यानंच उराशी धरून वाढवली. थोरला इंद्रजीत लग्न करून धायरीला वेगळा राहतो. धाकटा विक्रम आयटी पार्कात कामाला, आणि पस्तिशी आली तरी बिनलग्नाचा! आता बोला. अख्ख्या पंचक्रोशीची लग्नं जुळवणाऱ्या बाईच्या घरात हा घोडा तसाच. मांडवात कुणी "आत्या, घरचं कार्य कधी?" म्हणालं की आत्याचा जिलबीचा घास घशात अडकायचा.

विक्रम तसा गुणाचा पोरगा. भांडत नाही, पीत नाही, उलट बोलत नाही. फक्त मुलीचा फोटो दाखवला की तो हॉलमधल्या माशाच्या टाकीकडं बघायला लागतो. टाकी चांगली सहा फुटी, आणि एवढ्या राजवाड्यात मासा एकच. आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातला, सिक्लिड जातीचा, वीतभर लांब, पिवळट अंगावर जिराफासारखे तपकिरी ठिपके आणि तोंड निळं. मधल्या मोठ्या दगडाखाली तो ठाण मांडून बसायचा आणि टाकीत दुसरं काहीही हललं की त्याच्या अंगावर धावून जायचा. म्हणून आत्यानं त्याचं नाव ठेवलं सरपंच. 'सिक्लिड' हा शब्द मात्र तिच्या जिभेवर कधी बसला नाही. ती त्याला 'शिकलेला' म्हणायची.

"मासा शिकलेला हाय," ती आल्यागेल्याला सांगायची, "म्हणून तर एकटा ऱ्हातो. आमच्या विक्रमसारखाच."

एका रविवारी आत्यानं तीन फोटो एकदम टेबलावर मांडले, तेव्हा विक्रमनं टाकीकडं न बघता सरळ तिच्याकडं बघितलं.

"आत्या, माणसं जुळवणं सोपं आहे गं. माणसं लाजेकाजेखातर नांदतात. मासा कुणाची भीड ठेवत नाही. या सरपंचाला सोबती शोधून दाखव. तुळशीच्या लग्नापर्यंत टाकीत नीट नांदले, तर तू म्हणशील ती मुलगी बघायला येतो."

"आन न्हाई नांदले तर?"

"तर माझ्या लग्नाचा विषय या घरात बंद. कायमचा."

संभाजीनं पेपर खाली केला. "शकू, त्याच्या नादाला लागू नको."

"तू गप रं!" आत्यानं टेबलावर अशी थाप मारली की तिन्ही उपवर मुली उताण्या झाल्या. "ठरलं म्हंजे ठरलं!"

तर अशी पैज लागली. दुसऱ्या दिवशी नऊवारीचा काष्टा नीट करून, वरपक्षाचा मोबाईल पर्समध्ये टाकून आत्या रिक्षात बसली आणि मगरपट्ट्याच्या बाजूला जयाच्या माशांच्या दुकानात दाखल झाली. जया चाळिशीची, चष्म्यावरून बघणारी, आणि शब्द मोजून वापरणारी. दुकानाच्या दारात पाटी होती, 'काचेवर टकटक करू नये. आपल्या डोक्यावर केलेली चालेल का?'

"घरी कोणता मासा आहे?" जयानं विचारलं.

आता धंद्याची सवय वाईट. कुठल्याही स्थळाची पहिली बोलणी करताना आत्या जे सांगत आली, तेच तिच्या तोंडून निघालं. "पिवळा हाय. स्वभावानं अगदी गरीब. जरा एकटा वाढलाय, एवढंच."

आत्याचं पहिलं सूत्र होतं, एक तापट तर दुसरं थंड. दोघं तापट असले की घर जळतं, दोघं थंड असले की चूल पेटत नाही. तिनं एक पांढराशुभ्र एंजल मासा पसंत केला. लांब झुळझुळीत पर, चालणं सावकाश, मान खाली. "सुंदर, सुशील," आत्या पिशवी वर धरून म्हणाली, "गृहकृत्यदक्षही असणारच."

सुंदर-सुशीलला टाकीत सोडलं. सरपंच दगडाखालून बाहेर आला, त्यानं तिला एक प्रदक्षिणा घातली, आणि आत्या टाळी वाजवून "पसंत! पसंत!" म्हणेपर्यंत त्यानं तिच्या शेपटीचा लचका तोडला. मग जी पळापळ झाली! आत्या टाकीबाहेर, मासे टाकीत, आणि तिघंही एकाच दिशेनं धावतायत. शेवटी विक्रमनं जाळीनं तिला उचलून बादलीत घेतलं. पर झिरमिळ्या झालेले, जीव तेवढा शाबूत. आत्या ती बादली घेऊन रिक्षातून माघारी गेली तेव्हा रिक्षावाल्यानं विचारलं, "काय झालं मावशी?"

"काडीमोड," आत्या म्हणाली.

जयानं मासा परत घेतला, वेगळ्या टाकीत औषधात सोडला आणि चष्म्यावरून बघितलं. "स्वभावानं गरीब, नाही का?"

पण आत्या हार मानणाऱ्यातली नव्हे. ती रात्रभर विचार करत पडली आणि सकाळी चहा पिता पिता तिला चूक सापडली. अहो, एंजल मासा पडला अमेरिकेतला! परमुलखातला! त्याचं पाणी मऊ, आपलं जड. त्याची रीत वेगळी, आपली वेगळी. स्थळ बघावं तर आपल्यातलं बघावं. ती पुन्हा दुकानात गेली आणि जयापुढं मोबाईलमधला सरपंचाचा फोटो धरला. "हुबेहूब असाच द्या. रंग, उंची, ठिपके, सगळं असंच. आमच्यात बाहेर देत न्हाईत."

जयानं फोटो बघितला, मग आत्याकडं बघितलं. "हुबेहूब? नक्की?"

"नक्की!"

"न्या. पिशवी टाकू नका, मासा परत आणायला लागेल."

दुसरा सरपंच टाकीत पडला आणि पहिल्या सरपंचाच्या अंगावरचे ठिपके काळेठिक्कर झाले. कल्ले फुगले. दोघांनी एकमेकांचे जबडे असे धरले की जत्रेतली कुस्ती झक मारेल. शेपट्यांचे फटके बसून पाणी उडालं ते थेट संभाजीच्या पेपरवर. आत्या ओरडत स्वयंपाकघरात पळाली आणि भजी तळायचा झारा घेऊन आली. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ती दोघांच्या मध्ये झारा खुपसते आहे, पदर भिजतोय, आणि तोंडानं चाललंय, "सोड रं! आरं सोड की मुडद्या! पावना हाय तो!" तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. लोणीचे वधूपिते होते. विक्रमनं फोन उचलून सांगितलं, "आत्या बैठकीत आहे."

संभाजी पेपर झटकत म्हणाला, "भावकी हाय ही. आपल्या आज्याचा बांधावरनं असाच दंगा व्हायचा. चुलतभावाइतका वैरी कोण न्हाई."

आत्याचा झारा पाण्यातच थांबला. "अगं बाई," ती म्हणाली, "सगोत्र!" आणि कपाळावर हात मारून घेतला, झाऱ्यासकट. चाळीस वर्षं या धंद्यात काढून तिनं सगोत्र स्थळ आणलं होतं! याहून मोठी नामुष्की नाही. शेजारच्या इंदुबाईला कळलं असतं तर तिनं सगळ्या हडपसरला सांगितलं असतं, म्हणून आत्यानं स्वतःच आधी जाऊन इंदुबाईला सांगितलं आणि दोघी पोट धरधरून हसल्या.

तिसऱ्या वेळी मात्र आत्या त्या दुसऱ्या सरपंचाला परत करायला दुकानात गेली ती स्टूल ओढून बसली. "आता मी काय बी लपवत न्हाई. मुलगा तापट हाय, हेकट हाय, मधला दगड सोडत न्हाई, पावन्याला चावतो. नावच सरपंच. तुम्ही विचारा, मी खरं खरं सांगते."

जयानं चष्मा पुसला. कदाचित तीही हसत होती, पण पुण्यात ते असं चटकन दाखवत नाहीत. "पाणी कुठलं?"

"बोअरचं. बादलीला पांढरा थर बसतो."

"उत्तम. यांना जडच पाणी मानवतं. खायला?"

"मांसाहारी. कोळंबी दिली की नाचतो."

"मग ते छोटे निळे शेवाळ खाणारे मासे विसरा. त्यांना हे खाणं बाधतं, पोट फुगतं. शिवाय ते याच्या तोंडात मावतात."

"खानपान जुळाया पाहिजे," आत्यानं मान डोलावली. हे तिला शिकवायला नकोच होतं.

"त्याच्याएवढ्याच अंगाचे घ्या. त्याच तळ्यातले, पण तोंडवळा आणि रंग वेगळा. आणि एक आणू नका."

"म्हंजे?"

"एकटा आणला की सगळा मार त्या एकट्याला. पाच-सहा असले की राग वाटला जातो. कुणाचाच जीव जात नाही."

आत्या स्टुलावरून अर्धी उठली. "एकत्र कुटुंब!"

"आपण काय म्हणायचं ते म्हणा," जया म्हणाली. "आणि महत्त्वाचं. तुमचे सरपंच त्या दगडाखाली किती वर्षं बसलेत? त्यांना वाटतं, टाकी माझी, बाकीचे घुसखोर. म्हणून आधी त्यांना बादलीत काढायचं. सगळे दगड उचलायचे, नव्यानं मांडायचे. मग जुने-नवे सगळे एकदम सोडायचे. आपली जागा कुठली तेच कळलं नाही, की मारायला धावणार कुठून?"

घरी आल्यावर विक्रमनं पिशव्या मोजल्या आणि हरकत घेतली. "आत्या, सोबती म्हणालो होतो."

"बरं मग? एक सोबती, धा सोबती. शब्दात काय फरक पडला का? शिकलेला ना तू? व्याकरण बघ!"

मराठी भाषेनंच विक्रमला दगा दिला होता.

मग काय विचारता! सरपंचाची रवानगी बादलीत झाली आणि वर ताट झाकलं. आत्यानं पदर खोचला, विक्रमनं बाह्या सारल्या, आणि दोघांनी टाकीतला एकेक दगड उचलून सगळी रचना उलटीपालटी केली. मधला मोठा दगड गेला कोपऱ्यात, कोपऱ्यातले आले पुढं. मग एक निळाभोर, एक नारिंगी, दोन रुपेरी पट्ट्याचे आणि एक मिशाळ ठिपकेवाला, असे सगळे सरपंचासकट एकदम पाण्यात गेले. सरपंच तडक मध्यभागी पोचला. तिथं दगड नव्हता! तो डावीकडं गेला, उजवीकडं गेला, वर आला, खाली गेला. नव्यांचंही तेच चाललेलं. दोघंतिघं एकमेकांना धडकले, थोडी तोंडातोंडी झाली, नारिंगीनं एक टप्पल खाल्ली, निळ्यानं एक दिली, आणि सगळे पुन्हा आपापल्या शोधाला लागले. आत्या खुर्ची टाकून समोरच बसली. जेवण तिथंच, चहा तिथंच. संध्याकाळी मिशाळ पाहुणा सरपंचाच्या शेपटीखालून निवांत निघून गेला आणि सरपंचानं बघितलंसुद्धा नाही, तेव्हा तिनं संभाजीला मिठी मारली. संभाजी इतका घाबरला की त्यानं विक्रमला हाक मारली.

दसरा गेला, दिवाळी गेली. टाकीत नांदणं चालूच. तुळशीचं लग्न लागलं त्या संध्याकाळी आत्यानं तुळशीपुढच्या अक्षता तशाच हातात घेऊन टाकीवरही उधळल्या असत्या, विक्रमनं मनगट धरलं म्हणून वाचलं. मग तिनं काचेला हळदीकुंकू लावलं, गल्लीत पेढे वाटले, आणि हॉलमध्ये येऊन दोन्ही मोबाईल टेबलावर ठेवले. "हं. आता बोल. लोणीची बघतो का सासवडची?"

विक्रमनं दोन्ही मोबाईल बाजूला सारले. मग म्हणाला, "आत्या, मुलगी आहे."

"आँ?"

"तेजस्विनी. ऑफिसात आहे माझ्या. दोन वर्षं झाली."

आत्याचा चेहरा असा काही झाला! आधी आनंद, मग राग, मग पुन्हा आनंद, सगळं एकमेकांना ढकलत वर येत होतं. "दोन वर्षं! आन माझ्याकडं नाव न्हाई घातलं? मी गावाची लग्नं जुळवती आन माझ्या घरात चोरून? मेल्या, आणली का न्हाईस तिला?"

"कशी आणू?" विक्रमचा आवाज चढला नव्हता, पण तो थांबलाही नाही. "वहिनीनं मिसळणाचा डबा गॅसच्या उजवीकडं ठेवला होता. आठवतं तुला?"

"डावीकडंच असतो तो!"

"तेच. वहिनी वर्षाच्या आत दादाला घेऊन धायरीला गेली. लोकांना आपण सांगतो, दादाचं ऑफिस तिकडं जवळ पडतं. आत्या, तू वाईट नाहीस गं. तू मला वाढवलंस. पण या घरात एकेक चमचा तू ठरवलेल्या जागेवर आहे. नवीन माणसानं उभं राहायचं कुठं?"

आत्या उठली आणि स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी भांडी फार वाजली. दुसऱ्या दिवशीही वाजली. तिला खरंच लागलं होतं. ज्या पोरांसाठी या ओट्यापाशी उभी राहून पायांचे तुकडे पडले, ती पोरं आता डब्यांचा हिशेब काढतात! कल्याणीला, म्हणजे त्या थोरल्या सुनेला, आपण काय जाच केला? हाताला धरून कधी बाहेर काढलं का? नुसतं सांगितलं. रोज सांगितलं. प्रत्येक डब्याला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती माशांना खायला घालत होती. सरपंच सगळ्यांबरोबर वर आला, त्यानं आपला घास घेतला, निळ्यानं आपला घेतला. आत्या बघत राहिली. हाच तो, जो दुसऱ्याचं शेपूट हललेलं खपवून घेत नव्हता. त्याचा स्वभाव कुणी बदलला नव्हता. दगड तेवढे हलवले होते.

"अगं बाई!" ती एकदम मोठ्यानं म्हणाली. "या घरातला सरपंच मीच की गं!"

आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, कल्याणीच्या आठवणीनं त्यातलं थोडं खरंही होतं, तरी हसू थांबेना. संभाजी आतून धावत आला. तिनं त्याला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मला केव्हाचं ठाऊक हाय."

"मग बोलला का न्हाईस?"

"मी बारका मासा. चावली असतीस."

आत्यानं त्याच क्षणी धायरीला फोन लावला. "कल्याणी, रविवारी ये. स्वयंपाकघर सगळं उचकायचंय. न्हाई न्हाई, पाल न्हाई निघाली. तू लावायचं. तू आन ती तेजस्विनी, दोघींनी मिळून. मी कशाला हात लावणार न्हाई. अगं मला ताप न्हाई आला! शपथ."

रविवारी दोघी आल्या. कांदेपोहे नाहीत, बघण्याचा कार्यक्रम नाही, तेजस्विनी जीन्समध्ये आणि हातात झाडू. सगळे डबे हॉलमध्ये ओळीनं मांडले गेले. आत्यानं स्वतःहून अंगणात खुर्ची टाकली आणि ती तिथं बसली. आत काही पडल्याचा आवाज आला की तिचा पाय आपोआप उचलायचा, मग ती तो दुसऱ्या पायानं दाबून धरायची. "बादलीत हाय मी," तिनं इंदुबाईला कुंपणापलीकडं सांगितलं, "बादलीत."

दुपार टळल्यावर ती उठली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबली. आत सगळं ओळखू येत नव्हतं. ओट्यावर उजेड जास्त वाटत होता. मिसळणाचा डबा डावीकडं नव्हता, उजवीकडंही नव्हता.

"येऊ का गं आत?" तिनं विचारलं.

कल्याणीच्या हातातलं फडकं थांबलं. ती इतकी वर्षं या घराची सून होती, पण हे वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं. "या की, आत्या," ती म्हणाली आणि उगाच ओटा पुन्हा पुसायला लागली.

"बसा तुम्ही, मी चहा टाकते," तेजस्विनी म्हणाली. नवीन जागा, नवीन डबे. तिनं हाताला लागला तो डबा उघडला, पातेल्यात चमचे टाकले, आणि पहिला कप आत्याला दिला.

आत्यानं घोट घेतला. साडी नावडली तर तोंडावर सांगणारी बाई ती. तिनं दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. विक्रम दारातून बघत होता, संभाजी त्याच्या मागून बघत होता. आत्यानं कप सावकाश रिकामा केला आणि बशीत ठेवला.

मग कल्याणीनं आपला कप तोंडाला लावला आणि सगळा चहा फुर्र करून बाहेर! "अगं, मीठ! साखरेऐवजी मीठ पडलंय! आत्या, तुम्ही सगळा प्यालात?"

तेजस्विनीचा चेहरा पांढरा पडला. "सॉरी, मला डबा कळला नाही, मी..."

"असू दे गं," आत्या पदरानं तोंड पुसत म्हणाली. "मलाबी नसता कळला."